स्लाइडवर पराग रुजत नाहीत, तेव्हा काय तपासायचं

“मॅडम, पराग मेलेत.”

एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे दिवस सुरू झाले की हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. गेली एकोणीस वर्षं मी वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते आहे. बारावीच्या प्रात्यक्षिकातली सदाफुली असो की संकरासाठी आणलेलं डाळिंब, तक्रार एकच आणि दुरुस्तीही बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी. पराग खरोखर मेलेले असतात असं फार कमी वेळा होतं. पराग आपण स्लाइडवर साखर आणि क्षार घातलेल्या पाण्याच्या, म्हणजे माध्यमाच्या, थेंबात टाकतो आणि कणातून बारीक नळी वाढली की तो रुजला म्हणतो. फुलातून या थेंबात येईपर्यंतच्या वाटेत त्यांचं काहीतरी बिघडलेलं असतं, नाहीतर थेंबच बिघडलेला असतो. हे दोन वेगळे कसे काढायचे ते एकदा हाताला लागलं की महिनाभराचं काम दोन दिवसांत मार्गी लागतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

“रुजले नाहीत” एवढ्यावर कुणालाच मदत करता येत नाही. नेमकं काय दिसतंय ते वहीत लिहा.

दोन तास झाले तरी कण टपोरे, गोल, स्वच्छ आहेत आणि नळीचा पत्ता नाही, हे एक लक्षण. कण फुटलेत आणि भोवती वाळूसारखा बारीक गर पसरलाय, हे दुसरं. नळी निघते, पण कणाएवढीही वाढत नाही, टोकाला फुगते आणि तिथेच फुटते, हे तिसरं. कण आक्रसलेले, कडेला सुरकुत्या पडलेले, हे चौथं. थेंबाच्या मधोमध जिथे पराग दाटीने पडलेत तिथे छान रुजतात आणि कडेचे एकटे-दुकटे तसेच राहतात, हे पाचवं, आणि याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सहावं म्हणजे रंगाची चाचणी नव्वद टक्के पराग जिवंत असल्याचं सांगते आणि त्याच फुलाचे पराग थेंबात पाच टक्केही रुजत नाहीत. या सहाव्याने विद्यार्थी सर्वांत जास्त हैराण होतात. त्याबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे.

एक फसवं लक्षणही आहे. कण फुटताना गर कधीकधी दोरीसारखा बाहेर येतो, थिजतो आणि हुबेहूब नळीसारखा दिसतो. मोजणीत तो “रुजला” म्हणून धरला जातो आणि टक्केवारी भलतीच चढते. खऱ्या नळीची रुंदी सारखी असते, दोन्ही कडा स्पष्ट असतात, टोक गोलसर असतं, आणि आत बारीक कण सतत फिरताना दिसतात, एका कडेने पुढे आणि दुसरीकडून मागे. शंका आली तर मिनिटभर एकाच नळीवर नजर ठेवा. आतली हालचाल दिसली की प्रश्न मिटला. मुळात परागनलिकेचा शोधही अशाच हालचालीकडे बघताना लागला. इटलीतले जोव्हानी बॅतिस्ता अमिची १८२४ च्या सुमारास घोळीच्या फुलाच्या कुक्षीवरच्या (स्त्रीकेसराच्या टोकावरच्या) केसांमधला प्रवाह बघत होते. त्या केसाला चिकटलेल्या परागातून त्यांच्या डोळ्यांदेखत नळी बाहेर आली. घोळ म्हणजे आपण भाजी करतो तीच.

पैसा न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी सूक्ष्मदर्शकाची. १०च्या वस्तुभिंगाखाली डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, पूर्ण उघडा असेल तर कोवळी नळी दिसतच नाही. ती जवळजवळ पारदर्शक असते आणि भगभगीत उजेडात विरघळून जाते. डायफ्रॅम निम्म्याहून जास्त बंद करा, कंडेन्सर (उजेड एकवटणारं खालचं भिंग) थोडा खाली घ्या, मग बघा. “शून्य टक्के” म्हणून आलेल्या दोन स्लाइड मी नुसता हा खटका फिरवून साठ टक्क्यांवर गेलेल्या पाहिल्या आहेत. रुजला कशाला म्हणायचं तेही आधी ठरवा. नळीची लांबी कणाच्या व्यासापेक्षा जास्त झाली की रुजला, हा नेहमीचा नियम. प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने मोजलं तर दोन विद्यार्थ्यांचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

दुसरी तपासणी वेळेची. सगळे पराग एका घाईने रुजत नाहीत. तेरड्याचे काही मिनिटांत नळ्या सोडतात, सदाफुलीला तास-दोन तास द्यावे लागतात, काही फळझाडांना त्याहून जास्त. अर्ध्या तासात स्लाइड धुऊन टाकलेल्या पोरांना मी दर वर्षी थांबवते.

तिसरी तपासणी फुलाची. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण अर्ध्याहून अधिक बिघाड इथेच असतो. फूल कधी तोडलं? परागकोश उकलला होता का? न उकललेला कोश सुईने फोडून काढलेले पराग पुष्कळदा अजून पक्व नसतात. दुपारी दोनला आणलेल्या फुलातले उन्हाने गेलेले असतात. पाऊस पडून गेल्यावरच्या सकाळी तर कोशातच पराग भिजून फुटतात आणि वरून फूल टवटवीत दिसत राहतं.

मध्यंतरी मृग बहाराच्या डाळिंबावर काम करणारी एक मुलगी सांगोल्याच्या बागेतून फुलं आणायची. तीन आठवडे सलग शून्य. माध्यम दोनदा बदललं, साखर बदलली, तिची रडायची वेळ आली. मी म्हटलं, “उद्या पिशवी न उघडता माझ्यासमोर आण.” दुसऱ्या दिवशी ती एसटीतून उतरून थेट प्रयोगशाळेत आली. प्लॅस्टिकच्या पिशवीला घट्ट गाठ मारलेली, आतून सगळीकडे दव जमलेलं. एक फूल काढून पुंकेसरांना बोट लावलं तर पिवळी भुकटी उडायला हवी ती बोटाला चिखलासारखी लागली. पराग थेंबात पडण्याआधीच त्या पिशवीत तीन तास पाण्यात बुडाले होते. त्यानंतर तिने बागेतच उकललेले कोश बटर पेपरच्या पुड्यांत घेतले, पुड्या सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवल्या, डबा थर्मासच्या पेटीत. त्याच माध्यमात, त्याच साखरेत पराग रुजले.

तर फुलं बंद प्लॅस्टिकमध्ये कधी आणू नका. कागदी पाकीट वापरा. अंतर जास्त असेल तर आदल्या संध्याकाळी उमलायला आलेल्या कळ्यांची फांदी पाण्यात ठेवून आणा आणि सकाळी कोश उकलतील तेव्हा पराग घ्या.

साक्षीदार पराग

हा एकच उपाय लक्षात ठेवला तरी पुरे, इतकं माझं याच्यावर प्रेम आहे. तुमच्या परागासोबत त्याच माध्यमात, त्याच वेळी, त्याच पेट्रीडिशमध्ये हमखास रुजणाऱ्या एखाद्या फुलाचे पराग दुसऱ्या स्लाइडवर ठेवायचे. मी त्याला साक्षीदार म्हणते. साक्षीदार रुजला आणि तुमचा पराग नाही, तर पाणी, काच, तापमान यांत ढोबळ बिघाड नाही. फूल, परागाचा प्रकार किंवा त्याला लागणारं साखरेचं प्रमाण इथे शोधा. साक्षीदारही नाही रुजला, तर तुमच्या परागाबद्दल आज एक अक्षरही बोलता येणार नाही. आधी थेंब दुरुस्त करा.

बारमाही साक्षीदार म्हणजे सदाफुली. कुठल्याही कुंपणाला सापडते. तिचे पुंकेसर बाहेर दिसत नाहीत. पाकळ्यांखालच्या बारीक नळीच्या वरच्या फुगीर भागात ते दडलेले असतात. सकाळी ताजं उमललेलं फूल घ्या, नळी सुईने उभी चिरा, कोशांवरून सुईचं टोक हलकेच फिरवा. पावसाळ्यात तेरडा त्याहून चांगला. तेरड्याचे पाचही कोश एकमेकांना चिकटून कुक्षीवर टोपीसारखे बसतात आणि फूल जून झालं की ती टोपी गळून पडते. टोपी जागेवर असलेलं फूल निवडा, ती चिमट्याने उचला आणि थेंबाजवळ नुसती टेकवा. पंधरा-वीस मिनिटांत थेंबाचा निकाल कळतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये मी नवं माध्यम केलं की सगळ्यात आधी तेरड्यावरच लावून बघते.

काच, ओलावा, उष्णता

साक्षीदारही रुजला नसेल तर स्वस्तातून सुरुवात करा. स्लाइड धुताना राहिलेला साबण परागाला मारतो. चष्म्याच्या काचेसारखी लख्ख दिसणारी स्लाइडसुद्धा दोषी निघू शकते. नवी स्लाइड घ्या, गरम पाण्याने आणि मग तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याने धुवा, वाळवा, तिच्यावर पुन्हा लावा. नव्यावर रुजला आणि जुन्यावर नाही, तर धुण्याची पद्धत बदला.

मग थेंब सुकतोय का ते बघा. पंख्याखाली किंवा एसीत उघडी स्लाइड ठेवली तर अर्ध्या तासात पाणी उडतं, साखर घट्ट होते आणि कण आक्रसतात. चौथं लक्षण दिसलं की मी आधी साखरेकडे बघत नाही, पंख्याकडे बघते. पेट्रीडिशमध्ये तळाला ओला गाळणकागद, त्यावर काचेच्या दोन कांड्या, कांड्यांवर स्लाइड, वर झाकण. खाचेची स्लाइड असेल तर कव्हरस्लिपवर थेंब घेऊन ती उलटी खाचेवर बसवायची आणि कडेला व्हॅसलिन लावायचं. दोन्ही पद्धती चालतात. सपाट स्लाइडवर लगेच कव्हरस्लिप दाबून बसवू नका. परागाला श्वासाला हवा लागते आणि दाबल्यावर तो गुदमरतो.

तापमान २५ ते २८ अंशांच्या आत ठेवा. एप्रिलमध्ये आमच्या प्रयोगशाळेत दुपारी पारा अडतीसला जातो, तेव्हा इन्क्युबेटर (ठरलेलं तापमान राखणारी पेटी) नसेल तर काम सकाळी नऊच्या आत उरका. उलट बाजूने, कडक एसीच्या खोलीत सगळंच रेंगाळतं.

अजून एक फुकटची गोष्ट, जी साठवलेल्या परागासाठी जवळजवळ सक्तीची आहे. कोरडा ठणठणीत पराग एकदम पाण्यात टाकला तर त्याचं पेशीपटल सावरायच्या आत पाणी घुसतं आणि आतला ऐवज झिरपून जातो. म्हणून थेंबात टाकण्याआधी पराग कागदावर पसरून झाकलेल्या ओल्या डबीत, पाण्याला न लागता, अर्धा ते एक तास ठेवा. हवेतला ओलावा हळूहळू मुरतो, पटल पूर्ववत होतं. फ्रीझरमधून काढलेले डाळिंबाचे पराग थेट लावले तेव्हा हाती काही लागत नव्हतं. असे ओलावून घेतल्यावर त्याच पुडीतले रुजले, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पाणी आणि माध्यम

आता थोडा खर्च. माध्यमातला सगळ्यात संशयित घटक पाणी. तांब्याचा भाग असलेल्या डिस्टिलेशनच्या जुन्या भट्टीतून उतरलेल्या पाण्यात धातूचा अंश येतो, आणि रेझिन संपलेलं डीआयोनायझर (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) नावापुरतंच पाणी शुद्ध करतं. परीक्षा सोपी आहे. औषधाच्या दुकानात इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी लहान बाटल्यांत मिळतं. त्या पाण्यात १० मिलिलीटर माध्यम करा आणि तुमच्या पाण्यातलं १० मिलिलीटर शेजारी ठेवा. दोन्हींत साक्षीदार सोडा. फरक दिसला तर पाण्याचा स्रोत बदलायचा, बाकी काहीही हलवायचं नाही.

माध्यम मी ब्रूबेकर आणि क्वाक या शास्त्रज्ञांचं वापरते. लिटरमागे बोरिक ॲसिड १०० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २०० मिलिग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १०० मिलिग्रॅम, आणि सुक्रोज १० टक्के. १९६३ सालचं हे माध्यम आजही सगळ्या जगात चालतं, आणि त्यातला एकही घटक उगाच नाही.

बोरॉन नसेल तर नळीचं टोक कमकुवत राहतं आणि फुटतं. फुलात तो बोरॉन बऱ्याच अंशी कुक्षीकडून मिळतो, थेंबात आपणच द्यायचा. तिसरं लक्षण दिसलं की बोरिक ॲसिडची बाटली आणि तराजू दोन्ही तपासा. आमच्याकडे एका तुकडीचं माध्यम सारखं फसत होतं. मी शेजारी उभी राहून बघितलं. मुलगा १०० मिलिलीटर माध्यमासाठी १० मिलिग्रॅम बोरिक ॲसिड साध्या तराजूवर तोलत होता. तो तराजू दोन दशांशांचा. कागदावर चिमूट पडली, आकडा ०.०१ झाला, परत ०.०० झाला, परत ०.०१. त्याने “झालं” म्हणून कागद उचलला. त्या चिमटीत पाच मिलिग्रॅम होते की पंधरा, हे त्या तराजूला सांगताच येत नाही. त्या दिवसापासून आमचा नियम असा: १ ग्रॅम बोरिक ॲसिड १०० मिलिलीटर पाण्यात विरघळवून साठा करायचा आणि माध्यमाच्या दर १०० मिलिलीटरला त्यातला १ मिलिलीटर घालायचा. ग्रॅम साधा तराजूही नीट तोलतो. बाकी क्षारांचेही असेच साठे करा, मात्र वेगवेगळ्या बाटल्यांत. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेटचे शंभरपट तीव्र साठे एकत्र केले तर कॅल्शियम सल्फेटचा पांढरा गाळ खाली बसतो आणि थेंबात कॅल्शियम कमी पडतं.

कॅल्शियम नायट्रेटची बाटली उघडून बघाच. हवेतलं पाणी ओढून ते लवकर ओलं होतं. ढेकळं चमच्याला चिकटत असतील तर तुम्ही अर्धं पाणीच तोलताय. नवी बाटली लहान घ्या, झाकण घट्ट लावा, डेसिकेटरमध्ये (आत कोरडं राहणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

आणि पाचवं लक्षण, दाटीतले रुजतात आणि एकटे राहतात ते, नेमकं कॅल्शियमचंच बोट दाखवतं. पराग जवळजवळ असले की एकमेकांतून झिरपणाऱ्या कशाच्या तरी आधारावर रुजतात, हे आधीपासून दिसत होतं. ब्रूबेकर आणि क्वाक यांनी ३९ कुळांतल्या ८६ जातींवर काम करून दाखवलं की ते “काहीतरी” म्हणजे कॅल्शियम. पुरेसं कॅल्शियम दिलं की एकटा परागही रुजतो. त्यामुळे तुमच्या स्लाइडवर मधोमध जंगल आणि कडेला वाळवंट दिसलं तर पहिल्यांदा कॅल्शियमचा साठा ताजा करा. तोवर निदान प्रत्येक थेंबात साधारण सारखेच पराग टाका, नाहीतर दोन स्लाइडमधला फरक झाडाचा नसून चिमटीचा असेल.

माध्यम केलेल्या दिवशीच वापरा. साखरेचं पाणी दोन दिवसांत बुरशीला आमंत्रण देतं, आणि धूसर दिसण्याआधीच ते परागाला नकोसं झालेलं असतं. क्षारांचे साठे फ्रीजमध्ये राहतात, साखर रोज नवी घालायची.

साखरेची मालिका

पाणी आणि क्षार निर्दोष ठरले, साक्षीदार रुजला, आणि तुमचा पराग मात्र फुटतोय किंवा आक्रसतोय, तर दिवसभर बसून मालिका लावा: ५, १०, १५, २०, २५ टक्के. साखर इथे दोन कामं करते. परागाचं ते अन्न आहेच, शिवाय बाहेरच्या द्रवाचा जोर ती सांभाळते. साखर कमी पडली की पाणी आत धावतं आणि कण फुटतो. जास्त झाली की पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो सुरकुततो. म्हणून फुटणाऱ्याला साखर वाढवायची, आक्रसणाऱ्याला कमी करायची. मधला कुठलातरी आकडा तुमच्या जातीचा असतो आणि तो शेजारच्या जातीला लागू पडेलच असं नाही.

मालिकेत एक चूक सगळे करतात. २० टक्के म्हणजे २० ग्रॅम साखरेत पाणी घालून एकूण १०० मिलिलीटर करायचं. १०० मिलिलीटर पाण्यात २० ग्रॅम टाकले तर द्रव ११२ मिलिलीटरच्या आसपास होतो आणि प्रत्यक्षात तुम्ही अठरा टक्क्यांखालीच असता. दहाला हा फरक सोसतो, पंचविसाला नाही.

मोजताना निदान तीन स्लाइड, आणि सगळ्या मिळून तीनशेच्या वर कण. भिंगाखाली छान दिसणारी जागा शोधून मोजू नका. स्लाइड एका टोकापासून ठरलेल्या अंतराने सरकवा आणि समोर येईल ते मोजा.

मोहरी, सूर्यफूल, ज्वारी, मका यांच्यावर काम करत असाल तर

पराग गळतो तेव्हा बहुसंख्य सपुष्प वनस्पतींत, सुमारे सत्तर टक्क्यांत, त्यात दोनच पेशी असतात. उरलेल्यांत तीन. गवताचं कूळ, मोहरीचं कूळ, सूर्यफुलाचं कूळ ही सगळी तीनवाली. हे पराग अल्पायुषी असतात आणि साध्या थेंबात फार नाखुशीने रुजतात. भाताचा पराग काही मिनिटांत जातो, मक्याचा उन्हात तास-दोन तासांत. शेतातून पुडी घेऊन येईपर्यंत खेळ संपलेला असतो. इथे सूक्ष्मदर्शक शेताच्या बांधावर न्या किंवा झाड कुंडीत वाढवून प्रयोगशाळेशेजारी ठेवा. मोहरीच्या कुळासाठी माध्यमात पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालतात आणि माध्यम थोडं अल्कधर्मी ठेवतात. त्याने पुष्कळ फरक पडतो. तरीही अशा पिकांत “रुजला नाही” यावरून “मेला” असा निष्कर्ष काढू नका. त्यासाठी दुसरी चाचणी हवी.

रंग जिवंत म्हणतो, नळी येत नाही

सहाव्या लक्षणाचं उत्तर रंगाच्या बाटलीवरच लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. ॲसिटोकार्मिन परागातल्या केंद्रकाला आणि पेशीद्रवाला रंगवतं. पराग भरलेला आहे की पोकळ, एवढंच ते सांगतं. काल मेलेला पण भरलेला पराग लालच दिसतो. अलेक्झांडर यांचा १९६९ चा रंगही याच कामाचा आहे: भरलेले जांभळट लाल, वांझोटे हिरवे. वांझपणा मोजायला तो उत्तम, पण साठवलेला पराग अजून जिवंत आहे का हे विचारायला निरुपयोगी.

हे स्वतःला पटवायचं असेल तर मेलेल्या परागाची स्लाइड करा. चांगल्या परागाची एक पुडी ओव्हनमध्ये ८० अंशांवर दोन तास ठेवा. मग ताजा आणि भाजलेला, दोन्ही एकाच रंगात लावा. भाजलेलाही रंगला तर ती चाचणी जिवंतपणाची नाही. ही स्लाइड मी प्रत्येक रंगासाठी करायला लावते, आणि त्याविना आलेला “जीवनक्षमता ९४ टक्के” हा आकडा मी प्रबंधात जाऊ देत नाही.

टीटीसी (ट्रायफेनिल टेट्राझोलियम क्लोराइड) हा रंग त्याहून खरा. जिवंत पेशीतली विकरं (एन्झाइम) त्याला लाल रंगात बदलतात. अर्धा टक्का टीटीसी साखरेच्या द्रावणात, अर्धा ते एक तास, अंधारात. उजेडात तो आपोआप लाल व्हायला लागतो, म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळा, आणि बाटलीतलं द्रावणच गुलाबी दिसलं तर फेकून द्या. कव्हरस्लिपच्या कडेचे कण मोजू नका, कारण तिथे हवेतला प्राणवायू रंग येऊ देत नाही. मधले मोजा.

सगळ्यात भरवशाची एफडीएची (फ्लुओरेसीन डायॲसिटेटची) चाचणी, हेस्लॉप-हॅरिसन दांपत्याने १९७० मध्ये मांडलेली. ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं एफडीए साखरेच्या द्रावणात थेंबथेंब टाकायचं, द्रावण किंचित दुधी झालं की थांबायचं, लगेच वापरायचं. पराग ते आत घेतो, आतलं विकर त्याचे तुकडे करतं आणि पटल शाबूत असेल तर चमकणारा भाग आतच अडकतो. निळ्या उजेडात जिवंत कण हिरवे झळाळतात. पाच-दहा मिनिटांत बघून घ्या, नंतर चमक बाहेर झिरपते. यासाठी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक लागतो, म्हणून ही तपासणी इतकी खाली ठेवली. तीन पेशींच्या परागांसाठी मी सरळ याच्याकडेच जाते.

टीटीसी किंवा एफडीएनेही पराग जिवंत ठरले आणि नळी येत नसेल, तर दोष माध्यमात किंवा ओलावण्यात आहे, मागे जा. ॲसिटोकार्मिननेच पोकळ दिसले तर माध्यमाशी झगडणं थांबवा. केळीसारख्या तीन गुणसूत्रसंचांच्या झाडात किंवा दूरच्या संकरात परागच नीट बनत नाहीत, आणि त्याला साखरेत औषध नाही.

कुठे थांबायचं

साक्षीदार तीन वेगवेगळ्या दिवशी रुजला, मालिका झाली, ओलावून बघितलं, फुलं सकाळची होती, आणि तरीही शून्य. इथे तुमचं काम संपलं. पराग बनतानाच बिघाड आहे का हे बघायला कळीतलं पेशीविभाजन तपासावं लागतं, आणि ते पेशीशास्त्राच्या माणसाचं काम आहे. पीक शेतीतलं असेल तर राहुरी, दापोली, अकोला किंवा परभणी या कृषी विद्यापीठांच्या वनस्पती पैदास विभागात जा. डाळिंबासाठी सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. शेतकरी बहार धरायचा की नाही हे तुमच्या स्लाइडवरून ठरवणार असेल तर अजिबात एकट्याने आकडा देऊ नका. थेंबात रुजलेला पराग फळ धरेलच असं नसतं. त्यासाठी झाडावर हाताने परागसिंचन करून फळधारणा मोजावी लागते.

काही ठिकाणी तर हातच घालू नका. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाचा पाऱ्याचा दिवा चमकत नसेल, लुकलुकत असेल किंवा त्याचे ठरलेले तास भरले असतील, तर दिव्याचं कवच उघडू नका, तंत्रज्ञाला बोलवा. तो दिवा दाबाखाली असतो, फुटला तर पारा बाहेर येतो आणि त्याचा किरण डोळ्याला इजा करतो. काच साफ करायला जुन्या पुस्तकांत सांगितलेलं क्रोमिक ॲसिड विद्यार्थ्यांच्या हाती कधीच देऊ नका. पराग द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवायचे असतील तर शिकलेला माणूस सोबत असल्याशिवाय डबी आत सोडू नका किंवा बाहेर काढू नका. झिरपलेला नायट्रोजन आत राहिला तर बाहेर काढताच डबी फुटते.

आणि गाजर गवत किंवा गवतांच्या परागांवर काम करताना कुणाला शिंका, अंगावर गांधी, धाप अशी लक्षणं दिसली तर प्रयोग तिथेच बंद. धाप लागलेल्या मुलाला “जरा बाहेर बस” म्हणू नका, सरळ डॉक्टरकडे न्या आणि कशाचा पराग होता ते सांगा.

तज्ज्ञाकडे जाताना वही न्या: तारीख, फूल तोडल्याची वेळ, थेंबात टाकल्याची वेळ, खोलीचं तापमान, झाडाचा क्रमांक, माध्यम कधी केलं. साक्षीदाराच्या स्लाइडचा फोटोही न्या, कारण पहिला प्रश्न त्याचाच येतो.